उदाराम बिछायत केंद्र, सगळ्यात वर

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. एका व्हिडिओत सांगितलं की सगळे यशस्वी उद्योजक लिहितात. मी आधी लिहायला लागतो, बाकीचं मागून येईल.

बाबांनी यंदाचा लग्नाचा सीझन माझ्या हाती दिला. म्हणजे दिलाच असं नाही, चिडून म्हणाले की एवढी अक्कल हाय तं तूच कर मंग. पण व्यवसायात शब्द नाही, आशय पाहायचा असतो.

अट एकच. अक्षय तृतीयेपर्यंत गोदामातलं सामान, म्हणजे मंडप, गाद्या, खुर्च्या, भाताचे गंज, कढया, जनरेटर, सगळं कामाला लागलं पाहिजे. लागलं तर उदाराम बिछायत केंद्र, कामठा, माझं. नाही लागलं तर गोदामाची चावी जन्मात मागायची नाही. बाबांचे गुडघे गेले आहेत, त्यांनी आता आराम करावा एवढंच माझं म्हणणं आहे. चावीचा मला मोह नाही.

तिकडे आमगावला कैलाशभाऊजींचा सीझन आताच फुल होत आला. हे दिव्याताईचे मिस्टर. त्यांचंही बिछायत केंद्रच, पण पद्धत एकदम जुनाट. कोणाचं साक्षगंध असो, बारसं असो, तेरवी असो, हे हजर. पंगतीत बसतात, म्हाताऱ्यांची खुशाली विचारतात, निघताना बुकिंग घेऊन निघतात. याला मार्केटिंग म्हणत नाहीत. मी मोबाईलवरून करणार. घरबसल्या.

४ फेब्रुवारी

गूगलवरची जाहिरात कशी चालते ते पूर्ण समजलं. व्हिडिओ मोठा होता, मला अर्ध्यातच समजलं. कोणी मोबाईलवर मंडप शोधला की आपली जाहिरात दिसते. नुसती दिसली तर फुकट. कोणी बोट लावलं की आपले पैसे कटतात. एका बोटाला जास्तीत जास्त किती द्यायचे, ती बोली आपण लावायची. मोठी बोली, वरची जागा.

बोली नफ्याची कशी लावायची त्याचंही सूत्र आहे. एका लग्नात आपल्याला सुटतात किती, आणि बोट लावणाऱ्या दहांपैकी बुकिंग करणारे किती. दोन्हींचा हिशेब घालून जो आकडा येतो, त्याच्या आत राहायचं. मी दहापैकी पाच धरले. नीतूनं विचारलं, पाच काऊन? बाजारात दहा जण वांग्याचा भाव विचारतात, त्यातले पाच घेतात का? मी समजावलं की वांगी वेगळी आणि डिजिटल वेगळं. बायको बी.कॉम. आहे, पण जुन्या सिलॅबसची.

सूत्राप्रमाणे बोली हजारांत निघाली. मी संयम पाळून बारा रुपये लावली.

७ फेब्रुवारी

जाहिरात सुरू. शब्द निवडले: मंडप, बिछायत, लग्न, शादी. गोंदियात अर्धे लोक हिंदीत शोधतात, एवढा अभ्यास माझा आहे.

जाहिरातीत फोनचं बटन आहे. दाबलं की थेट दुकानाच्या मोबाईलवर. तो मोबाईल आईकडे दिला, कारण मला वरून लक्ष ठेवायचं आहे. आईला ट्रेनिंगही दिलं. फोन आला की गोड बोलायचं आणि समोरच्याला जे पाहिजे ते करून द्यायचं. आई म्हणाली, मी कायले कोणासंग कडू बोलतो? तिला ट्रेनिंग हा प्रकार नवा आहे.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी

फोनवर फोन! आईला उसंत नाही. मी बाबांकडे नुसतं पाहिलं.

रात्रीच्या जेवणाआधी आईकडून रिपोर्ट घेतला. सगळे मुलामुलींची स्थळं विचारत होते. लग्न हा शब्द टाकल्याचा परिणाम. आईनं एकालाही नाराज केलं नाही. तिरोड्याचा एक मुलगा रेल्वेत आहे, तो तिनं शेजारच्या नंदाबाईच्या पुतणीसाठी पाहून ठेवला. मी लग्न आणि शादी दोन्ही शब्द काढून टाकले. आईला वाईट वाटलं, म्हणाली, चांगलं चालू होतं बापा.

१४ फेब्रुवारी

जाहिरात नीट दिसते का ते मी दिवसातून काही वेळा तपासतो. शोधतो, दिसली की बोट लावतो, समाधान होतं. नीतू म्हणाली की तुमच्या बोटाचेही पैसे कटत असतील ना? मी म्हटलं, क्वालिटी चेकला खर्च असतोच.

शाळेच्या ग्रुपवर आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरही सांगून ठेवलं होतं की आपण गूगलवर आलो. आपल्याकडे कोणी दुकान टाकलं की गावातल्या माणसानं एकदा तरी जाऊन पाय लावून यायचं, ही रीत. तसं सगळ्यांनी जाऊन बोट लावलं. वर्गातला सोनू तर सकाळ-संध्याकाळ लावतो, वर मेसेज करतो, भाऊ आजही लावलं. प्रेम आहे लोकांचं. पैसे मात्र दुपारच्या आत संपून जातात.

२० फेब्रुवारी

नागपूरची कुठलीतरी इव्हेंट कंपनी आपल्या वर दिसते. व्हिडिओत स्पष्ट सांगितलं होतं की पहिल्या जागेच्या इभ्रतीसाठी बोली वाढवू नका, नफा पाहा. अगदी पटलं. इभ्रत वगैरे माझ्यात नाहीच.

बोली अठरा.

दुपारी: बावीस.

संध्याकाळी: अठ्ठावीस. आता आपण वर, नागपूर खाली. बाबांना बोलावून दाखवलं. म्हणाले, मोबाईलमध्ये वर हाय, खुर्च्या तं खालीच पडून हायेत. जंगलूही दारातच बसला होता. माझ्या जन्माआधीपासून आमचे मंडप तोच उभारतो. रोज येऊन विचारतो, कुठं जायचं हाय का जी? मी त्याला सांगितलं की ब्रँड तयार होऊन राहिला आहे. तो बरं म्हणून घरी गेला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

पहिली डिजिटल ऑर्डर! चिचगडहून. महाप्रसादासाठी एक गंज आणि दोन झारे.

टेम्पो पाठवला. पूर्ण जिल्ह्यावर जाहिरात लावल्याचा फायदा पाहा, एरवी चिचगडच्या माणसाला आपण कुठे दिसलो असतो? डिझेल जरा भाड्यापेक्षा जास्त झालं, पण पहिल्या ऑर्डरचं डिझेल मोजत नसतात. जंगलू खूश, प्रसादही खाऊन आला. झारे दोन गेले होते, एक परत आला.

५ मार्च

लिहितो आहे, पण हे पान कोणाला दाखवायचं नाही.

लोक काय टाइप करतात त्याचा रिपोर्ट ॲपमध्ये मिळतो. आज नीट पाहिला. आमगाव, सालेकसा, कामठा, सगळीकडचे लोक मंडप शोधतच नाहीत. शोधतात ते ‘कैलाश बिछायत केंद्र’. साक्षगंधांमध्ये जेवून जेवून नाव तयार केलंय भाऊजींनी.

मग डोकं चाललं. त्यांच्या नावावरच बोली लावायची! लोक कैलाश शोधतील, वर दिसेल उदाराम. नियमात बसतं, मी दोनदा पाहिलं.

फक्त घरात कळता कामा नये. जवायाचा मान म्हणजे आमच्या आईचा धर्म. भाऊजी आले की ती पाय धुवायला पाणी घेऊन उभी असते, बाबा गुडघे धरून खाटेवरून उठतात. त्या माणसाचं गिऱ्हाईक मी ओढतोय हे कळलं तर मला ताट मिळणार नाही. पण मी असा विचार केला की नाव हे काही कोणाच्या घरात ठेवलेलं नसतं. बोली लावली.

१२ मार्च

कमाल. फोन थांबत नाही. आई भाजी निवडताना बोलते, अंगण झाडताना बोलते. तिच्या बोलण्याचे तुकडे कानावर येतात, हो जी, लिहून घ्या जी, सगळं चांगलं करून देतील जी. एवढा आत्मविश्वास मी तिच्यात कधी पाहिला नव्हता. ट्रेनिंग.

विचारलं तिला, लोक काय म्हणतात? म्हणाली, सगळे चांगले लोक हायेत, मी ज्याचं त्याचं काम करून देतो. खोलात गेलो नाही. मॅनेजरनं प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये.

भाऊजींच्या नावाची बोली वीस केली. तेजी आहे.

१५ मार्च

होळीसाठी ताई आणि भाऊजी आलेले. भाऊजी दमलेले दिसले, डोळे लाल. मोबाईल सारखा वाजत होता. मला विचारलं, हेमेंद्र, सीझन कसा? मी म्हटलं, ब्रँडवर काम चालू आहे. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मला त्यांची खरंच कीव आली. बिचाऱ्यांना काही कल्पना नाही.

निघताना आईच्या दोनदा पाया पडले. नेहमी एकदाच पडतात.

२२ मार्च

बुकिंग अजून एकही नाही. याची कारणं:

लग्न ही मोठी गोष्ट आहे, लोक विचार करतात. वातावरण गरम आहे. आणि बोली कमी असावी, म्हणून तीस केली.

जंगलू दिसेनासा झाला. चौकशी केली तर आमगावला, भाऊजींकडे मंडप उभारायला जातो आहे. तिथं माणसं कमी पडून राहिली म्हणे. निष्ठा नावाची गोष्ट राहिली नाही.

नीतू म्हणाली, एवढे फोन येतात तर ते लोक जातात कुठं, एकदा आईंना विचारा तरी. मी म्हटलं, एकेका गिऱ्हाईकाच्या मागे लागायचं नसतं, डेटा वरून पाहायचा असतो. ती पदर तोंडाला लावून आत गेली. भावुक झाली असावी.

३० मार्च, गुढीपाडवा

शुभ मुहूर्तावर बोली पंचेचाळीस.

माझी मोटरसायकल विकली. घरबसल्या धंदा करणाऱ्याला गाडी कशाला? बाबांना सांगितलं की सर्व्हिसिंगला दिली आहे. त्यांनी गोदामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, लोकाईच्या पत्रिका वाटून झाल्या रे. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, कारण मग मला उत्तर देता आलं असतं.

दुपारी गोदामात जाऊन आलो. लाल कनातीच्या घडीत उंदरांनी घर केलंय. बाबा दरवर्षी पाडव्याच्या आत सगळ्या कनाती उन्हात टाकायचे. यंदा ते माझ्याकडे होतं. विसरलो नव्हतो, फक्त मोबाईल बघत होतो.

५ एप्रिल

बोली साठ. सूत्राच्या कितीतरी आत आहे.

१२ एप्रिल, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळी ताई आणि भाऊजी आले. सोबत टेम्पो. ताईनं आईला साडी दिली, चांगली जरीची, आणि भाऊजींनी सगळ्यांसमोर तिच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाले, आई, तुमच्यामुळं यंदा असा सीझन झाला का आयुष्यात झाला नाही. बाबा म्हणाले, तिनं काय केलं?

मग आई सांगायला लागली. मी दारात उभा होतो.

म्हणाली, त्या होळीच्या आधीपासून फोन येऊन राहिले. जो तो म्हणे, कैलाशभाऊ हायेत का? मले वाटलं, जवाईबापूचा नंबर भेटून नाही राहिला बिचाऱ्याईले. मी सगळ्याईले नंबर देला. दोघं-चौघं म्हणत, बाई, तुमचंबी बिछायत हाय तं तुम्हीच देऊन टाका सामान. मी म्हटलं, छा! जवायाचं गिऱ्हाईक ठेवून घेतलं तं देव पाहीन ना जी वरून. हेमेंद्रनंच तं सांगतलं होतं, ज्याले जे पाहिजे ते करून द्यायचं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनी मला मिठीच मारली. म्हणाले, असा साळा नशिबानं भेटतो. त्यांना अजूनही कळलेलं नाही की त्यांच्या नावाचे फोन आमच्याकडे का येत होते. कोणालाच कळलेलं नाही. मला सांगताही येत नाही, कारण सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागेल. मी हसलो. गाल दुखेपर्यंत हसलो.

टेम्पो कशासाठी तर भाऊजींकडे सामान कमी पडलं. एवढी लग्नं अंगावर घेतली की त्यांना आमचं सगळं पाहिजे. मंडप, गाद्या, खुर्च्या, गंज, जनरेटर. मे संपेपर्यंत भाड्यानं. घरचं म्हणून भाडं बाबांनी स्वतःहून कमी केलं. उंदरांनी कातरलेल्या कनातीसुद्धा भाऊजींनी नेल्या, म्हणाले दिव्या शिवून घेईल.

संध्याकाळपर्यंत गोदाम रिकामं. झाडून काढलं तर एक झारा सापडला, तो चिचगडला हरवलेला नव्हता.

१३ एप्रिल

बाबांनी निकाल दिला. अट होती की सामान कामाला लागलं पाहिजे. लागलं, एकूण एक. लावलं कोणी, तर शामकलानं, म्हणजे आईनं. म्हणून गोदामाची चावी आईच्या कमरेला. आई म्हणाली, मले कायले? पण ठेवून घेतली.

मी भाऊजींना सहज विचारलं होतं, किती फोन आले आणि त्यातली किती बुकिंगं झाली? ते बोटं मोजून म्हणाले, दहा आले तर पाच झालेच म्हणा ना.

दहापैकी पाच! म्हणजे माझं सूत्र बरोबर होतं. बोली साठच्या पुढे नेली असती तरी नफाच होता. मी हे नीतूला सांगितलं. ती म्हणाली, हो, नफा तं झालाच. मग म्हणाली की तिनं मार्चमध्येच स्वतःच्या मोबाईलवर कैलाशभाऊजी शोधून पाहिले होते, वर आम्ही दिसलो. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, तुम्ही म्हणाले ना, डेटा वरून पाहायचा असतो.

मग आईला का नाही सांगितलंस, असं विचारलं. यावर ती हसली नाही. म्हणाली, तुमचं ताट बंद झालं असतं.

जाहिरात बंद केली. बंद करताना ॲप कारण विचारतं. महाग वाटली, गिऱ्हाईक आलं नाही, उद्देश पूर्ण झाला. तिन्ही कारणं दोनदा वाचली. शेवटी उद्देश पूर्ण झाला यावर बोट ठेवलं. या बोटाचे पैसे कटत नाहीत.

३० एप्रिल, अक्षय तृतीया. रात्री घरी आल्यावर

आज भाऊजींची तीन लग्नं. माणसं पुरत नव्हती म्हणून सामानासोबत मलाही पाठवलं, सालेकशाकडच्या एका गावात. जंगलूच्या हाताखाली. पहाटेपासून खड्डे खणले. मंडपाच्या खांबाला किती खोल खड्डा लागतो ते मला माहीत नव्हतं. जंगलूनं माझे दोन खड्डे बुजवून नव्यानं खणले.

गेटवर बोर्ड, कैलाश बिछायत केंद्र. आत गंजांवर आमचं नाव खोदलेलं, उदाराम, कामठा. भात शिजत होता. मंडप छान दिसत होता हे मान्य करतो. बाबांचा मंडप असा भरलेला मी फार दिवसांनी पाहिला. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

पंगत उठल्यावर नवरीचे मामा, ईश्वरदासजी, पान खात माझ्याजवळ येऊन बसले. मोकळे गृहस्थ. सांगायला लागले की आमाले हे मंडपवाले मोबाईलवर भेटले. पोराईनं कैलाशभाऊचं नाव टाकलं, तं वर दुसराच कोणी उदाराम दिसला. म्हटलं लागू दे फोन. एका बाईनं उचलला. का सांगू जी, लय गोड बाई. म्हणे आमचं नका घेऊ, कैलाशभाऊचं घ्या, ते चांगलं करतात. असा धंदा करणारे लोक राहिले नाहीत आता. पण त्या उदारामले कोणीतरी समजावून सांगाले पाहिजे, पैसा घालून कोण दुसऱ्याची जाहिरात करते?

मी म्हटलं, खरं आहे.

मग त्यांनी माझ्या मातीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कैलाशभाऊचे माणूस का जी?

मी म्हटलं, हो जी.